कडकनाथ कोंबडीची पिल्लं गोरी निघाली! दोष कोणाचा?

डोंगरपाखरू | १४ जून, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. घर पाटण तालुक्यात. मागच्या परसात खुराडं आहे, त्यात सध्या अकरा जणी आणि एक राजे. धंदा नाही, निव्वळ हौस. अंडी घरात आणि शेजारीपाजारी संपतात.

गेल्या दिवाळीत ओळखीतून कडकनाथची एक तलंग (तरुण कोंबडी) आणली. जीभ काळी, तुरा जांभळट काळा, पाय कोळशासारखे. चोच उघडून टाळा पाहिला, तिथंही काळं. बाराशे रुपये मोजले. आमचे राजे मात्र पक्के गावरान: तांबूस सोनेरी मान, काळी शेपटी आणि हळदीत बुडवून काढल्यासारखे पिवळेधमक पाय.

मार्चमध्ये ती अंड्यावर आली. कडकनाथ फारशी खुडूक होत नाही, म्हणजे अंडी उबवायला बसत नाही, असं ऐकलं होतं, आमची तर झालीच नाही. म्हणून तिची अकरा अंडी आमच्या कबरी कोंबडीखाली बसवली. ती बिचारी वर्षातून तीनदा खुडूक होते, तिला कोणाचीही अंडी चालतात. एकविसाव्या दिवशी नऊ पिल्लं.

आता पिल्लं दोन महिन्यांची झाली आणि एकही काळं नाही! पिसं काळपट आहेत, पण पिसं बाजूला करून बघितलं तर कातडी गोरी. तुरे लाल. पायांची तर गंमतच, बापासारखे पिवळे नाहीत, आईसारखे काळे नाहीत. पांढरट, त्यावर राखाडी डाग.

शेजारचे दादा म्हणतात, "फसवलं तुला. ती खरी कडकनाथ असती तर निम्मी तरी काळी निघाली असती." विकणाऱ्याला फोन लावून भांडायच्या आधी इथं विचारते. कोणाला असा अनुभव?

---

रश्श्याचा_भक्त | १४ जून, रात्री ९:२५

भांडू नका. नऊ पिल्लं म्हणजे नऊ रविवार.

---

शंकेखोर | १४ जून, रात्री ९:५८

दादांचं बरोबर आहे. काळ्याच्या पोटी काळंच यायला पाहिजे. काही वर्षांपूर्वी "पक्षी आम्ही देतो, अंडी आम्हीच घेतो" छापाच्या योजनेत आमच्या मामांचे दीड लाख गेले. शेवटी पक्षी दारात आणि कंपनी गायब. तेव्हापासून कडकनाथ हा शब्द कानावर आला की मी आधी खिसा चाचपतो.

---

वऱ्हाडी_ठेचा | १४ जून, रात्री १०:१२

वाचतो आहे. माह्याकडेही असाच घोळ झाला होता, पण माह्याकडं उलटं झालं. कोंबडा कडकनाथ, कोंबड्या साध्या. त्यात निम्मी पिल्लं काळी आन् निम्मी गोरी. मी म्हटलं कोंबडाच अर्धा खरा असंल!

---

निवृत्त_पशुवैद्य | १५ जून, सकाळी ७:४०

डोंगरपाखरू, विकणाऱ्याला फोन करू नका. तुम्ही जे लिहिलंय त्यात फसवणुकीचा पुरावा नाही. तुमची कोंबडी आणि तुमचे राजे यांच्यापासून अशीच पिल्लं व्हायला हवी होती. आणि वऱ्हाडी_ठेचा, तुमचा कोंबडाही कदाचित पूर्ण खरा असेल. तुम्हा दोघांचं कोडं एकच आहे, एकाच नाण्याला दोघं दोन बाजूंनी बघताय. सावकाश सांगतो, चहा घेऊन बसा.

कडकनाथच्या अंगातला काळेपणा दोन जनुकांच्या हिशेबावर चालतो.

पहिलं काळ्याचं जनुक. एरवी कोंबडीच्या पिल्लात अंड्यात असतानाच रंगपेशी ठराविक वाटेनं कातडीकडे आणि पिसांकडे जातात. कडकनाथमध्ये त्या वाट सोडून आतही घुसतात, वाढतात, आणि कातडीखाली, स्नायूंच्या वेष्टनात, हाडांच्या आवरणावर, आतड्यांवर सगळीकडे ठाण मांडतात. याचं कारण विसाव्या गुणसूत्रावर सापडलं. तिथला एक तुकडा दुप्पट झालेला आहे, आणि त्यात रंगपेशींना "वाढा, पुढं जा" असा निरोप देणारं एक जनुक आहे. निरोप जास्त, म्हणून पेशी जास्त. हे २०११ साली उजेडात आलं. विशेष म्हणजे चीनची रेशमी पिसांची सिल्की, इंडोनेशियाची आयाम चेमानी आणि आपली कडकनाथ, सगळ्यांत तुकड्यांची तीच उलथापालथ आहे. म्हणजे हा अपघात एकदाच कुठेतरी घडला आणि माणसांबरोबर देशोदेशी फिरला. हे जनुक प्रभावी आहे, एक प्रत मिळाली तरी काम करतं.

मग तुमच्या पिल्लांत का नाही केलं? कारण दुसरं जनुक. त्याला मी ब्रेक म्हणतो. कातडीच्या आतल्या थरात काळा रंग साचू न देणं हे त्याचं काम. पिवळ्या किंवा पांढऱ्या पायांच्या कोंबड्यांत साधारणपणे हा ब्रेक असतो. कडकनाथमध्ये नसतो. काळ्याचं जनुक हे इंजिन धरलं, तर ब्रेक लागलेला असताना गाडी थोडी सरकते, धावत नाही. तुमच्या पिल्लांच्या पायांवरचे राखाडी डाग म्हणजे ते सरकणं.

आता खरी मेख. हा ब्रेक ज्या गुणसूत्रावर बसलाय ते लिंग ठरवणारं गुणसूत्र आहे. माणसात बाईचं एक्स-एक्स आणि पुरुषाचं एक्स-वाय. कोंबड्यात उलटं आहे, नराचं झेड-झेड आणि मादीचं झेड-डब्ल्यू. मादीकडे झेड एकच, आणि ते ती फक्त मुलग्यांना देते. मुलीला तिचं एकुलतं एक झेड बापाकडूनच येतं.

तुमच्या राजांच्या दोन्ही झेडवर ब्रेक आहे असं धरा. मग मुलगा असो की मुलगी, प्रत्येकाला बापाकडून ब्रेक आला. सगळी पिल्लं गोरी.

वऱ्हाडी_ठेचांकडे बाप कडकनाथ. मुलींना झेड बापाचं, म्हणजे ब्रेक नाही, म्हणून त्या काळ्या. मुलग्यांना एक झेड आईचं, त्यावर ब्रेक, म्हणून ते गोरे. ठेचाभाऊ, आठवून सांगा: तुमची काळी सगळी कोंबड्या निघाल्या आणि गोरे सगळे कोंबडे?

---

वऱ्हाडी_ठेचा | १५ जून, सकाळी ८:०५

अरे बापरे. हो ना राजेहो! मी म्हणत होतो गोऱ्यांत एकही अंडं कसं देत नाही!

---

निवृत्त_पशुवैद्य | १५ जून, सकाळी ८:३०

:) तर तुम्ही नकळत तोच प्रयोग केलात जो इंग्लंडात बेटसन आणि पनेट या आनुवंशिकीच्या अभ्यासकांनी केला होता. त्यांनी सिल्की आणि तपकिरी लेगहॉर्न या कोंबड्यांच्या जातींचा संकर दोन्ही बाजूंनी करून पाहिला आणि १९११ मध्ये छापला. सिल्की आई असेल तर सगळी पिल्लं फिकी, सिल्की बाप असेल तर मुली गडद आणि मुलगे फिके. हा बेटसन म्हणजे तोच, ज्यानं १९०२ मध्ये कोंबड्यांच्या तुऱ्यांवरून दाखवलं की मेंडेलचे वाटाण्याचे नियम प्राण्यांनाही लागू पडतात. आनुवंशिकीच्या इतिहासात खुराड्याला मोठा मान आहे, नुसत्या वाटाण्यालाच नाही.

---

डोंगरपाखरू | १५ जून, दुपारी १:२०

डॉक्टरकाका, डबा खाता खाता दोनदा वाचलं. वहीत चौकोन काढून बघितले तेव्हा कुठं डोक्यात शिरलं. म्हणजे दोष आमच्या राजांचा!

---

निवृत्त_पशुवैद्य | १५ जून, दुपारी २:००

दोष नव्हे, ब्रेक.

---

शंकेखोर | १५ जून, सायंकाळी ६:४५

ठीक आहे, फसवणूक सिद्ध होत नाही. पण कोंबडी शुद्ध आहे हे तरी कुठं सिद्ध झालं?

---

निवृत्त_पशुवैद्य | १५ जून, रात्री ८:१५

अगदी नेमका प्रश्न. नाही झालं.

ठेचाभाऊंच्या काळ्या मुली डोळ्यांसमोर आणा. आई साधी गावरान, तरी त्यांची जीभ काळी, पाय काळे. उद्या त्यातली एक बाजारात नेली तर कोणीही तिला कडकनाथ म्हणून घेईल. तिच्यात काळ्याच्या जनुकाची एकच प्रत आहे, हे बाहेरून दिसत नाही. बाजारातल्या "शुद्ध" कडकनाथांमध्ये अशा किती असतील, देव जाणे. आणि पिसांचा रंग तर वेगळाच हिशेब आहे. पांढरीशुभ्र सिल्की पिसं काढल्यावर आत काळी निघते, आणि काळ्याकुट्ट पिसांची गावरान आत गोरी असते. रक्ताचं म्हणाल तर ते लालच असतं, "काळं रक्त" वगैरे जाहिरातीतली भाषा.

मादीची परीक्षा घ्यायची तर कडकनाथ नसलेला, पण ब्रेकही नसलेला कोंबडा लागेल. असे गावरानात मिळतात: पाय हिरवट किंवा पाटीच्या रंगाचे, पण जीभ-तुरा-कातडी नेहमीसारखी. तो लावल्यावर एक जरी पिल्लू गोरं निघालं तर कोंबडीकडे एकच प्रत. एक प्रतवालीची सात पिल्लं सलग काळी निघण्याची शक्यता १२८ मध्ये १. मी सातावर समाधान मानतो.

कोंबड्याची परीक्षा सोपी: पिवळ्या पायांच्या कोंबड्यांवर सोडा आणि फक्त मुली मोजा. मुलगे मोजू नका, ते तसेही गोरे.

आणि हे सगळं झालं तरी "काळ्याच्या दोन प्रती आहेत" एवढंच कळेल. शुद्धता म्हणजे वजन, ठेवण, अंड्यांचा आकडा, स्वभाव, रोगाला तोंड देणं. त्यात शेकडो जनुकं. एका रंगावरून कुळाचा दाखला देता येत नाही.

डोंगरपाखरू, एक सांगा, नऊच्या नऊ पिल्लांना राखाडी डाग आहेत?

---

डोंगरपाखरू | १५ जून, रात्री ९:०५

सात जणांना नक्की. दोघांचे पाय चिखलानं धड दिसतच नाहीत. धुऊन बघितले, एकाला पुसट आहे असं वाटतं, दुसऱ्याचं ठरवता येईना.

---

निवृत्त_पशुवैद्य | १५ जून, रात्री ९:२०

मग त्यावरून निकाल नको. हे डाग कमी-जास्त असतातच.

---

तापीकाठ | १६ जून, सकाळी ११:३०

कडकनाथ मूळचा झाबुआ, अलीराजपूर, धार या पट्ट्यातला. भिल्ल-भिलाल्यांनी सांभाळलेला. तिकडं त्याला कालामासी म्हणतात. २०१८ मध्ये झाबुआच्या कडकनाथला भौगोलिक मानांकन मिळालं. चांगलं झालं. पण कडकनाथमागे धावताना आपल्या नंदुरबार-नवापूरकडच्या बुसरा कोंबडीचं नाव महाराष्ट्रात किती जणांना माहीत आहे? अधिकृत नोंद झालेली देशी जात आहे, महाराष्ट्र आणि गुजरात दोघांच्या नावावर. लहान चणीची, काटक, डोंगरउतारावर स्वतःचं पोट स्वतः भरणारी. काळी नाही म्हणून तिला भाव नाही, बस.

तक्रार करून झाली, आता माझा प्रश्न. सात वर्षांपासून बुसराचा एकच कळप आहे. दर वेळी त्यातलाच एक रुबाबदार कोंबडा ठेवतो, बाकीचे विकतो. पहिल्यांदा दहा अंड्यांत आठ-नऊ फुटायची. आता पाच-सहा. काही पिल्लं कवचातच मरतात. खाणं तेच, जागा तीच. कोंबड्या कमी आहेत म्हणून होतंय का? दहाच्या वीस करू?

---

निवृत्त_पशुवैद्य | १६ जून, दुपारी ४:१०

बुसराबद्दल पूर्ण सहमत.

वीस कोंबड्या केल्यानं काहीही फरक पडणार नाही. घोळ माद्यांच्या संख्येत नाही, नरांच्या संख्येत आहे. पुढच्या पिढीतलं निम्मं रक्त नराकडून येतं. नर एकच असेल तर निम्मं रक्त एकाच भांड्यातलं.

हिशेब असा: नर आणि माद्यांच्या संख्यांचा गुणाकार करा, त्याला चारनं गुणा, आणि दोन्हींच्या बेरजेनं भागा. एक कोंबडा आणि दहा कोंबड्या म्हणजे ४० भागिले ११, जेमतेम साडेतीनच्या वर. खुराड्यात अकरा डोकी, पण रक्ताच्या दृष्टीनं चारसुद्धा नाहीत! अशा बंद कळपात दर पिढीला सगोत्रता (जवळच्या नात्यातल्या संकराचं प्रमाण) पावणेचौदा टक्क्यांनी चढते. कोंबड्या वीस केल्या तर हा आकडा तेरावर येतो, म्हणजे जवळपास तिथंच. पण कोंबड्या दहाच ठेवून कोंबडे दोन केले तर थेट साडेसातावर. दाणा एका पक्ष्याचा वाढला, फायदा दुप्पट.

अंडी कमी फुटणं, कवचात पिल्लू मरणं ही सगोत्रतेची पहिली खूण. आधी उबवण घसरते, मग वाढ आणि अंडी.

उपाय जुनाच आहे. कळपाचे तीन वाडे करा. मुली ज्या वाड्यात जन्मल्या तिथंच राहतील. मुलगे दर पिढीला पुढच्या वाड्यात: पहिल्याचे दुसऱ्यात, दुसऱ्याचे तिसऱ्यात, तिसऱ्याचे पहिल्यात. मुली माहेरी, मुलगे सासरी. पायात रंगीत कड्या घाला, नाहीतर दोन वर्षांत कोण कुठलं ते विसराल. आणि तुमच्या बाबतीत आधी लांबच्या पाड्यावरून दोन अनोळखी बुसरा कोंबडे आणा, कारण सात वर्षांचं रक्त आता वाडे पाडून पातळ होणार नाही.

---

गजालीकार | १६ जून, रात्री १०:४०

डॉक्टरानू, आमची आजी सांगायची, टोकदार अंड्यात कोंबो आणि वाटोळ्या अंड्यात तलंग. ती अंडी हातात फिरवून निवडायची. ह्या खरा काय?

---

निवृत्त_पशुवैद्य | १७ जून, सकाळी ७:१५

आजींचा मान राखून, नाही. अंड्याचा आकार त्या कोंबडीच्या गर्भनळीवर असतो. टोकदार अंडी घालणारी वर्षभर टोकदारच घालते, आणि तिला मुलगे-मुली दोन्ही होतात. उबेचं तापमान कमी-जास्त करून कोंबड्या जास्त काढता येतात हीदेखील थापच. नर की मादी हे अंडं कवचात जायच्या कितीतरी आधी, आईनं झेड दिलं की डब्ल्यू यावर ठरून गेलेलं असतं.

म्हणजे कोंबड्यांत मुलगा की मुलगी हे खरोखर आई ठरवते. माणसात बाप ठरवतो, आणि बोल सुनेला लावतात. निसर्गानं पाठवलेलं पत्र चुकीच्या घरी पडलं.

---

परसदार_ओहायो | १७ जून, सकाळी ९:५०

हा धागा पाहून लॉगिन केलं! आमच्या गावात (अमेरिकेतल्या) परसात सहा कोंबड्या पाळायला परवानगी आहे, पण कोंबड्याला बंदी, पहाटे आरवतो म्हणून. त्यामुळे एक दिवसाचं पिल्लू मादीच आहे हे कळणं फार महत्त्वाचं. नाहीतर लेकीनं नाव ठेवलेलं पिल्लू तीन महिन्यांनी आरवायला लागतं आणि घरात रडारड.

इथं "ब्लॅक सेक्स-लिंक" म्हणून पिल्लं मिळतात. बाप ऱ्होड आयलंड रेड, आई पट्टेरी प्लायमाउथ रॉक. सगळी पिल्लं काळी, पण ज्याच्या डोक्यावर पांढरा ठिपका तो कोंबडा. डॉक्टर, हे पण झेडचंच प्रकरण ना?

---

निवृत्त_पशुवैद्य | १७ जून, सकाळी ११:००

तंतोतंत. पट्ट्यांचं जनुक झेडवर आहे आणि प्रभावी आहे. आई ते फक्त मुलग्यांना देते, म्हणून ठिपका मुलग्यांच्या डोक्यावर आणि पुढे पट्टे त्यांच्याच अंगावर. पण लक्षात ठेवा, हे पट्टे आईकडेच असायला हवेत. पट्टेरी कोंबडा घेतलात तर तो मुलांना-मुलींना दोघांना देईल आणि खूण हरवेल. पहिल्या महायुद्धात दाण्याची टंचाई होती, तेव्हा नर पिल्लं लवकर ओळखून दाणा वाचवण्यासाठी ही युक्ती पुढे आणणारे पुन्हा तेच पनेट.

आणखी एक, या युक्तीचं फळ एकाच पिढीचं. त्या सेक्स-लिंक पिल्लांचा आपसात जोडा लावलात तर पुढच्या पिढीत ठिपका वाटेल तिथं उगवेल. आपल्याकडे गिरिराजा, वनराजाची अंडी घरी उबवणारे हाच फटका खातात. ते पक्षी वेगवेगळ्या वाणांच्या संकरातून बनवलेले. त्यांच्या पिल्लांत कोणी आजोबांवर जातो, कोणी पणजीवर.

---

वऱ्हाडी_ठेचा | १७ जून, दुपारी १२:२०

हे मात्र पटलं. माह्या गिरिराजाच्या पिल्लांत दोन सारखी शोधून दाखवा, इनाम देतो.

जाता जाता: माह्याकडे बोडक्या मानेच्या दोन कोंबड्या हायेत. मे महिन्यात पारा ४५ च्या वर, बाकीच्या चोच वासून सावलीत पडलेल्या आन् ह्या दोघी खुशाल उकिरडा उकरतात. एकीच्या मानेवर समोरून पिसांचा झुबका हाय, दुसरीची मान सफाचट. असं काहून?

---

निवृत्त_पशुवैद्य | १७ जून, दुपारी १:००

झुबकावालीकडे बोडक्या मानेच्या जनुकाची एक प्रत, सफाचटकडे दोन. अंगावरची पिसंही त्याच हिशेबात कमी होतात, म्हणून उष्णता लवकर बाहेर पडते. विदर्भासाठी सोन्यासारखं जनुक. दिसायला बोडकं म्हणून लोक नाक मुरडतात, त्याला इलाज नाही.

---

डोंगरपाखरू | १८ जून, रात्री ९:३०

काका, एक राहिलंच. राजांचे पिवळे पाय पिल्लांत कुठं गेले? नवातल्या एकाचेही पिवळे नाहीत.

आणि ठरवलंय: पावसाळा संपला की एका ओळखीच्यांकडून कडकनाथ कोंबडा दोन महिने उसना आणणार आणि चार पिवळ्या पायांच्या गावरान कोंबड्यांवर सोडणार. काळ्या मुली बघायच्याच आहेत.

---

निवृत्त_पशुवैद्य | १९ जून, सकाळी ७:५०

पिवळा रंग मका आणि हिरवळीतून येतो. पांढऱ्या पायांच्या कोंबड्यांच्या कातडीत एक विकर (एन्झाइम) तो रंग तोडून टाकतं, म्हणून पाय पांढरे. पिवळ्या पायांच्या पक्ष्यात ते विकर कातडीपुरतं मंदावलेलं, म्हणून रंग साचतो. हा गुण अप्रभावी: आई आणि बाप दोघांकडून आला तरच पाय पिवळे. तुमच्या कडकनाथनं तो दिला नाही, म्हणून पांढरट. (पिवळ्या पायांची कोंबडी भरपूर अंडी घालत असेल तर रंग बलकात जातो आणि पाय फिके पडतात. बाजारात जुनी माणसं पाय बघून कोंबडी निवडायची ती उगीच नाही.)

आणि आता तुमच्यासाठी खास. माणसाळलेली कोंबडी ही लाल रानकोंबडीची लेक, असं डार्विनपासून सगळे मानत आले. मोठ्या प्रमाणात ते खरंच आहे. पण लाल रानकोंबडीचे पाय पिवळे नसतात. मग पिवळेपणा आला कुठून? २००८ मध्ये उत्तर मिळालं: राखी रानकोंबड्याकडून. तो फक्त भारतात, मुख्यतः दक्षिणेत आणि आपल्या सह्याद्रीत. कोयनेच्या जंगलात पहाटे जो तुटक आरवताना ऐकू येतो, तोच. कधीतरी कोणा रानकोंबड्यानं गावाच्या कडेला एखाद्या पाळीव कोंबडीशी संसार केला, आणि त्याचे पिवळे पाय आज जगभरच्या कोंबड्यांत आहेत. तुमच्या राजांचं आजोळ घरामागच्या डोंगरात आहे.

उसन्या कोंबड्याबद्दल एकच सूचना, पण ती पाळा. कोंबडीच्या पोटात नराचं बीज दोन-तीन आठवडे जिवंत राहतं. राजांना हलवल्यावर पूर्ण तीन आठवडे अंडी खा, उबवायला ठेवू नका. त्यानंतरची अंडी धरा. तीन आठवड्यांनंतर जुन्या कोंबड्याचा काही अंश उरत नाही, "पहिल्याचा गुण कायम राहतो" ही समजूत खोटी.

---

शंकेखोर | १९ जून, सकाळी १०:१०

राजांचं आजोळ कोयनेत! हा धागा वाचनखुणांत टाकला. (खिसा अजून धरलेलाच आहे.)

---

डोंगरपाखरू | ६ फेब्रुवारी, रात्री ८:४५

धागा वर काढते. निकाल आला आहे, आणि त्यात एक फाटा आहे.

ऑक्टोबरात कोंबडा उसना आणला. राजांना बहिणीकडे पाठवलं. तीन आठवडे थांबायचं ठरलं होतं, पण दहाव्याच दिवशी कबरी खुडूक झाली. ती बसली की उठवून ठेवता येत नाही, आणि पुन्हा कधी बसेल याचा नेम नाही. मोह आवरला नाही. त्या तीन-चार दिवसांची चौदा अंडी तिच्याखाली घातली. अकरा फुटली, एक मुंगसानं नेलं. राहिली दहा.

पहिल्या आठवड्यातच गडद आणि फिकी वेगळी दिसत होती, पण मी मुद्दाम वाट पाहिली. आता तीन महिने होत आले. चार कोंबडे, चारही गोरे, पाय पांढरट, वर राखाडी डाग. सहा तलंगा. त्यातल्या पाच काळ्याभोर, जीभसुद्धा! खुराड्याजवळ उभी राहून एकटीच हसत होते.

पण सहावी तलंग गोरी आहे. डाग नाही, काही नाही. काका, म्हणजे उसना कोंबडा एक प्रतवाला?

---

शंकेखोर | ६ फेब्रुवारी, रात्री ९:००

भेसळ. मी म्हटलंच होतं.

---

निवृत्त_पशुवैद्य | ६ फेब्रुवारी, रात्री ९:३०

थांबा. त्या सहावीचे पाय कोणत्या रंगाचे? पांढरे की पिवळे? उद्या उजेडात बघून सांगा.

---

डोंगरपाखरू | ७ फेब्रुवारी, सकाळी ७:०५

पिवळे. हळद.

---

निवृत्त_पशुवैद्य | ७ फेब्रुवारी, सकाळी ७:४०

मग कोंबडा बहुधा निर्दोष आहे. पाय पिवळे व्हायला तो गुण आई-बाप दोघांकडून लागतो. चारही मुलग्यांचे पाय पांढरे, म्हणजे उसना कोंबडा पिवळेपणा देत नाही. त्याच्याकडे लपलेली एक प्रत असती तर निम्म्या मुलांत उतरली असती. चारही जण निसटण्याची शक्यता १६ मध्ये १.

मग ही पिवळ्या पायांची मुलगी कोणाची? कोयनेत आजोळ असलेल्याची. राजे बहिणीकडे गेले, पण बीज मागं ठेवून गेले. नव्या कोंबड्याचं बीज ताजं, म्हणून बहुतेक अंडी त्याची. एक अंडं राजांच्या वाट्याला आलं. तीन आठवडे म्हटलं होतं मी.

पाच काळ्या मुलींवर कोंबडा दोन प्रतवाला असण्याची बाजू भक्कम आहे, तरी एक प्रतवाल्याच्याही पाच मुली सलग काळ्या निघण्याची शक्यता ३२ मध्ये १ असते. कोंबडा अजून तुमच्याकडे असेल तर आता आणखी अंडी बसवा. दोन काळ्या मुली अजून मिळाल्या की माझे सात पूर्ण.

---

शंकेखोर | ७ फेब्रुवारी, सकाळी ८:२०

माघार. पायांवरून बाप ओळखला, हात जोडले.

---

डोंगरपाखरू | ७ फेब्रुवारी, दुपारी १:३०

कोंबडा डिसेंबरातच परत केला हो काका. राजे घरी आलेत. पण मालक म्हणालेत, मार्चमध्ये पुन्हा न्या. या पाच काळ्या मुली तोवर अंड्यावर येतील, त्याच्याच खाली सोडू का?

---

निवृत्त_पशुवैद्य | ७ फेब्रुवारी, दुपारी २:१५

बाप आहे तो त्यांचा. परीक्षेसाठी त्याला त्याच पिवळ्या पायांच्या चौघींवर सोडा. पाच मुलींसाठी दुसरा कडकनाथ बघा, वेगळ्या गावचा. मग पिल्लं मुलगे-मुली सगळी काळी येतील. आणि राजांना त्याच्या तीन आठवडे आधी बहिणीकडे.

---

रश्श्याचा_भक्त | ७ फेब्रुवारी, दुपारी २:२०

चार गोरे कोंबडे कोणाच्याच हिशेबात दिसत नाहीत. पत्ता कळवा.

---

डोंगरपाखरू | ७ फेब्रुवारी, दुपारी २:४०

दोघांचे सौदे झालेत. तिसऱ्याला लेकीनं नाव ठेवलंय. चौथ्याचं बघू, रविवारी या.